गोणपाटाखालचा भात

"ए बाई, हात पुढे कर."

मी केले. कॅन्टीनच्या रांगेत चाळीसेक माणसं ताटं घेऊन उभी होती. कॅन्टीन चालवणाऱ्या साहेबाने फरशी पुसायच्या फिनेलची बाटली उचलली आणि माझ्या दोन्ही हातांवर ओतली. "डोंगरातून येतात, हात धुवायची अक्कल नसते. काल अकरा माणसं हिच्यामुळे दवाखान्यात गेली."

विळीने कापलेल्या बोटांची आग आग झाली. रांगेने मिठाची गुळणी धरली होती. तेच जास्त लागलं.

मी पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. बिरवाडीत खोली घेऊन कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये राबत होते. त्या अकरांत माझा धाकटा भाऊ होता, मीच वाढलेलं जेवलेला. म्हणून मी हात मागे घेतले नाहीत. हात धुतले होते मी, साबणाने. तरी वाटलं, खरंच माझंच चुकलं असेल तर?

दुपारी दवाखान्यात गेले. भावाला सलाईन लावलेलं. ओठ सुकलेले.

"ताय, भात वाईट व्हता काय गो?"

मला रडूच फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भात शिजला कधी, वाढला कधी?"

"धा वाजता शिजला. सायबलोक बाराला जेवले. दुसरी पाळी संध्याकाळी सहाला."

"बाराला जेवलेल्यांना काही झालं?"

"नाय."

"मग मधले सहा तास भात कसा ठेवला होता?"

मी होतं ते सगळं सांगितलं. गॅस वाचवायला भात एकदाच शिजवायचा, हा साहेबाचा हुकूम. पण टोपाला गोणपाट मीच गुंडाळायची. कामगारांना निदान कोमट घास मिळावा म्हणून. घरी आई तसंच करायची.

"कोमट भातातच जंतू वाढतात, विष सोडतात," बाई म्हणाल्या. "परत गरम केला तरी ते विष जात नाही. भात शिजला की वाढायचा. नाहीतर पसरून निववायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा." मग त्यांनी भावाच्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला दिला. "घोट घोट घे. लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं, तर लगेच सांगायचं."

टोप एकच. साहेबलोकांना ताजा, आम्हाला राहिलेला. आणि फिनेल माझ्या हातांवर. संताप संताप झाला माझा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळीच साहेबाने कागद पुढे केला. मी हात न धुता जेवण वाढलं, असं त्यावर लिहिलेलं. "सही कर, नाहीतर काम सोड."

"सही नाय करनार."

मी कागद उलटा केला. लिहिलं: भात दहाला शिजला, सहाला वाढला. एकदाच शिजवायचा हुकूम साहेबाचा. गोणपाट माझं. मग सही केली, आणि त्याच रांगेसमोर मोठ्याने वाचलं.

काम गेलं. फिनेलचा वास अजून जात नाही. नाही गेला तर नाही. आता जिथे वाढायला उभी राहीन, तिथे आधी विचारीन, भात कधी शिजला? उत्तर मिळाल्याशिवाय झाकण काढणार नाही. हुकूम कुणाचाही असो.