पहिला जाम

धारच्या बाजारात थंडीत जामांच्या हातगाड्या लागल्या की त्या वासाने मी रस्ता बदलतो. जाम म्हणजे पेरू. माळव्यात राहून आम्हीही तेच म्हणतो. पीपलरावां गावाजवळ आमची जामांची बाग आहे, आणि मोसमाचं पहिलं फळ घरातल्या थोरल्याने चाखल्याशिवाय बाकी कुणी खायचं नाही, ही घरची रीत. शेवटच्या वर्षी बाबांना घशाचा कॅन्सर होता, पोटात दूध जायचं तेही नाकातल्या नळीतून. रखवालदाराचा फोन आला, “भिया, जाम टपक रहे हैं, बाबूजी को ले आओ.” आम्ही त्यांना बागेत नेऊन खाटेवर बसवलं. वारा नव्हता. मागे कुठेतरी पिकलेलं फळ धप्पकन पडायचं आणि पुन्हा सगळं गप्प. आईने एक फोड त्यांच्या ओठांना लावली. रस हनुवटीवर ओघळला, तो तिने पदराने टिपला आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, “चाखलं त्यांनी. खा आता.” आम्ही खाल्लं. बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि आमचा घास उतरला की त्यांचाही घसा हलायचा, रिकामाच. आता घरात थोरला मी. माझ्यासाठी सगळे थांबतात. रखवालदार दर थंडीत फोन करतो, मी येतो म्हणतो आणि जात नाही. तो बोलत असताना त्याच्या मागे फळ पडलेलं मला फोनवर ऐकू येतं.