आप्पांच्या पुढून जाताना

आई गेल्यावर वडिलांना, आमच्या आप्पांना, मी चिपळूणहून दुबईत, देरा भागातल्या माझ्या फ्लॅटवर आणलं. चाळीस वर्षं शिलाईमशीन चालवलेला माणूस दिवसभर सोफ्यावर बसून समोरच्या बिल्डिंगचे एसी बघायचा. मी ऑफिसात. माझी पंधरा वर्षांची लेक मोबाइलमध्ये डोकं घालून त्यांच्या पुढून ये-जा करायची. तिसऱ्या महिन्यात ते म्हणाले, "माझं तिकीट काढ. इथे मी असलो काय नि नसलो काय." एवढं करून हेच ऐकायचं का, म्हणून मी चिडले. खरं तर घाबरले होते. गावच्या घरात आता त्यांना चहा विचारणारंही कुणी नव्हतं.

शेजारी मलेशियातलं एक मलय कुटुंब राहतं. ईदच्या आधी शेजारीण तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या अंगात त्यांचा सणाचा पोशाख होता, बाजू कुरुंग: गुडघ्यापर्यंत सैल झगा आणि खाली पायघोळ स्कर्ट. झगा काखेत उसवला होता. वडील शिंपी आहेत, हे लिफ्टमध्ये मीच मिरवलं होतं.

मुलगी आप्पांच्या पुढून जाताना कमरेत वाकली, उजवा हात खाली जमिनीकडे सोडला आणि तशीच हळूच पलीकडे गेली. आप्पा उठले ते थेट बाम घेऊन आले. "एवढ्याशा पोरीची पाठ धरलीय, आणि तुम्ही हसताय काय?"

वडीलधाऱ्यांच्या पुढून जायचं तर आमच्यात असंच जातात, असं शेजारणीने सांगितलं आणि मी ते मराठीत केलं. आप्पा बामची बाटली धरून तसेच उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मुलगी माझ्या लेकीचा टी-शर्ट घालून बसली आणि आप्पांनी झगा मांडीवर घेतला. काखेत जोडलेला चौकोनी तुकडा त्यांनी दोनदा उलटून पाहिला. हात वर केला तरी झगा वर चढणार नाही, बेतणाऱ्याला अक्कल होती, म्हणाले. बारीक हातशिलाई घालून दोरा तोडला आणि "खलास," म्हणाले. हा शब्द अरबीतही चालतो, हे त्यांना खालच्या ग्रोसरीत कळलं होतं. मुलीने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ओठांना लावला. माझी लेक दारात उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आप्पांच्या पुढून निघाली आणि मध्येच थांबली. मग वाकली, अगदी ओबडधोबड, उजव्या हातात मोबाइल आणि डावा खाली.

"उजवा हात," आप्पा म्हणाले.

"ओह. सॉरी, आजोबा." तिने मोबाइल डाव्या हातात घेतला, मागे गेली आणि पुन्हा पहिल्यापासून वाकून आली.

आप्पांनी पाय जवळ घेऊन तिला वाट दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकीट दिवाळीनंतरचं बघ. हिला अजून नीट येत नाही."