अक्काची बादली

अक्का माणसाच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघायची. आमच्या रेशमाच्या शेडच्या दारात ब्लीचिंगच्या पाण्याची बादली असे. सरपंच आला तरी ही विचारायची, "पाय?" त्या वर्षी मुखेडकडे सगळीकडे टँकर होते, आणि माझी थोरली बहीण पाहुण्यांच्या पायांवर पाणी ओतत होती. उदगीर जिल्हा होणार, अशी पारावर चर्चा. अक्का म्हणे, "हू द्या. कलेक्टरला बी पाय धुवूनच आत घीन."

अळ्यांना ती 'लेकरं' म्हणे. त्या कात टाकायला निजल्या की शेडात कुणी खोकायचं नाही.

ज्वारीचं बी आम्ही घरचंच धरतो. दुष्काळात अळ्यांची अंडी विकत कशाला, म्हणून मी चांगले कोष निवडून त्यांचंही बी धरलं. पतंग निघाले, अंडी झाली. शेजारच्या तिघांनाही दिली. अंडी तयार करणाऱ्या केंद्रात प्रत्येक मादी चिरडून, रोग आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, हे मला ठाऊक होतं. अक्काला नव्हतं.

अळ्या लहानमोठ्या झाल्या. अंगावर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके. रेशीम कार्यालयाच्या साहेबांनी तपासून सांगितलं, "पेब्रिन. हा रोग आईच्या पोटातूनच अंड्यात येतो. औषध नाही, जाळा."

"आईला ठावं असतंय का?" अक्कानं विचारलं.

"नाही."

"मग तिला काय बोलावं," म्हणून ती रॉकेल आणायला गेली.

जाळून झाल्यावर म्हणाली, "त्या तिघांला सांगावं लागंल."

"कळंल की त्यांचं त्यांला."

"कळंस्तोवर गावभर हुईल. गाडी काढ."

प्रत्येक शेडच्या बाहेरूनच ती सांगे, "बी आमचं खराब निघालं. जाळून टाका." नागनाथअप्पानं तिला नको नको ते सुनावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "बोलून झालं की जाळा, अप्पा," म्हणाली. मी गाडीवरच होतो. इंजिनसुद्धा बंद केलं नाही.

त्यावर अक्का मला कधीच काही बोलली नाही. गेल्या उन्हाळ्यात ती गेली.

परवा नागनाथअप्पा शेडवर आले. मी बादली पुढं केली आणि एकदाचं बोललो, "अप्पा, ते बी अक्कानं नव्हतं धरलं. मी धरलं होतं."

अप्पा पायांवर पाणी घेत राहिले. "म्हाईत हाय."

"अक्का बोलली?"

"ती कशाला बोलंल? तू गाडीवरून उतरला न्हाईस, तवाच कळलं." मग त्यांनी दुसरा पाय पुढं केला. "वत की."