चांगली चेष्टा

मास्तरकी शिकताना एका शेऱ्यापायी मी आठ दिवस आमच्या मॅडमवर पाळत ठेवली होती. परवा माळ्यावरची जुनी वही उघडली, कुबट वास आला आणि तो लाल शेरा पुन्हा दिसला: ‘चेष्टा चांगली आहे.’

मी साताऱ्याहून ग्वाल्हेरला नवा आलेलो. छत्रीला भिणाऱ्या अस्वलाची इंग्रजी गोष्ट पहिलीच्या पोरांना कशी सांगायची, ते मी वर्गात गुरगुरून दाखवलं होतं. मॅडमना ती थट्टा वाटली, आता त्या नापास करणार, अशी माझी खात्रीच झाली. त्या हसल्या की मला डाव दिसे. त्यांनी दिलेला चहाही मी हुंगून प्यायलो. गावातल्याच हजीरा भागातल्या शाळेतला सरावाचा पहिला पाठ मलाच दिला, तेव्हा तर सापळाच वाटला.

शेवटी हात जोडले. “मॅडम, मी चेष्टा केली नव्हती हो!”

“केली नव्हती? मग अस्वल काय आपोआप गुरगुरलं?”

मॅडम ग्वाल्हेरच्याच, ‘शिंदे की छावनी’ या भागात जन्मलेल्या. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि त्यांच्या मराठीतही तोच. आज वाटतं, माझं इतकं कौतुक पुन्हा कुणी केलंच नाही.

तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, “अस्वलाची इंग्रजी जमली तुम्हाला. आता माणसांची मराठी शिका.”