सिस्टरबाईंनी सांगितलेला पिक्चर

"आता पलटते बरं का," असं म्हणून सिस्टरबाई तव्यावरची भाकरी उलटावी तसा हात उलटा करायच्या. पडद्यावर तेव्हा सगळं छान चाललेलं असायचं. लग्नघर, गाणी, पोरांचा दंगा. मी त्यांच्या जवळच बसलेला असायचो. तो हात दिसला की सावध व्हायचो. आणि खरंच, थोड्या वेळात कोणीतरी दार वाजवायचं, संगीत बंद पडायचं आणि पिक्चर वेगळ्याच वाटेला लागायचा.

एकदा मी विचारलं, "तुम्हाला आधीच कसं कळतं हो?"

"अवो, लय हसून राहिले होते ना ते," त्या म्हणाल्या. "वॉर्डात असं लय हसणं चाललं की मी पयले सलाइनकडे पाहायची."

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी नर्स म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमच्या भागात त्या सिस्टरबाईच राहिल्या. त्यांचे यजमान चांदूर रेल्वे या गावच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. बाईसुद्धा मास्तरच म्हणायच्या. काचबिंदूनं मास्तरांची नजर आधी अरुंद केली आणि मग पूर्ण नेली.

आम्ही काही मंडळी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी देशोदेशीचे सिनेमे दाखवायचो. प्रोजेक्टर माझा, पडदा वाचनालयाचा. पहिल्यांदा हे दोघं आले तेव्हा मला वाटलं, पंख्याखाली बसायला आले असतील. भाषा परकी, खाली इंग्रजी ओळी, आणि मास्तरांना तर पडदाच दिसत नाही. पण दिवे गेले आणि बाईंची कुजबुज सुरू झाली. कुजबुज म्हणजे त्यांच्या मते. वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला आवाज देण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांची कुजबुज चार रांगांना ऐकू जाते.

इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण ओळी थांबायच्या नाहीत. "तो म्हणून राहिला की मी तुह्या बापाले... गेली! ओळ गेली बाप्पा. जाऊ द्या, भांडण हाय." असा पिक्चर पुढे सरकायचा. मास्तर मध्येच विचारायचे, "तिचं लुगडं कोणत्या रंगाचं?"

"लुगडं नाही, फ्रॉक हाय. पिवळा."

"पिवळा कोणता? हळदीचा का संत्र्याच्या सालीचा?"

"मास्तर, बाई रडून राहिली आणि तुमी फ्रॉकचं काय विचारता?"

तक्रारी आल्या. मी आमच्या या सिनेमा-क्लबचा चिटणीस, म्हणून मलाच जाऊन सांगावं लागलं की तुम्ही शेवटच्या रांगेत बसाल का. बाईंनी बिलकूल वाईट वाटून घेतलं नाही. पुढच्या रविवारी दोघं शेवटच्या रांगेत बसले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी शेवटच्या तीन रांगा भरल्या. पुढच्या खुर्च्या रिकाम्या. तक्रार करणाऱ्यांतले दोघेही मागेच बसलेले मी पाहिले. मी तर आधीच मागे होतो.

कारण बाईंचा पिक्चर पडद्यावरच्या पिक्चरपेक्षा वेगळा असायचा. दोन भावांच्या वाटणीचा एक गंभीर सिनेमा होता. बाईंनी तो सगळाच्या सगळा त्या घरच्या स्वयंपाकिणीच्या बाजूनं सांगितला. "हे दोघं भांडून राहिले आणि ती बिचारी चार वाजतापासून उभी हाय. तिले कोणी बस म्हणत नाही. आता तिनं मनात म्हटलं, मरा तिकडे." नंतरच्या चर्चेत मास्तर त्या स्वयंपाकिणीवर असे काही बोलले की सगळ्यांना पटलं, सिनेमा तिचाच होता. मी घरी जाऊन पुन्हा लावून पाहिला. ती स्वयंपाकीण दोनदा दिसते. त्यातही एकदा पाठमोरी.

असं सगळं मजेत चाललेलं असताना तो कुंभाराचा सिनेमा आला.

सुरुवात हसवणारी होती. एक म्हातारा कुंभार, त्याचं गाढव, लग्नाला आलेली त्याची मुलगी. हॉल खदखदून हसत होता. मग त्या म्हाताऱ्याच्या हातून एक सुरई निसटते आणि आपल्या लक्षात येतं की त्याला दिसेनासं झालंय. तिथून सिनेमा काळवंडत जातो. मी बाईंच्या हाताकडे पाहत होतो. तो हात हललाच नाही. त्या दिवशी त्या काही "पलटते" म्हणाल्या नाहीत. शेवटी म्हातारा तळ्याकाठी जातो, चपला काढून ठेवतो आणि पाण्यात चालत जातो. बोलणं एका शब्दाचं नाही. नुसता वारा आणि पाणी.

"पाय धुऊन राहिला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "आता काठावर बसला. पोरगी आली. दोघं बसले हायेत."

मागच्या तिन्ही रांगांनी ते ऐकलं. कोणी मान वळवली नाही.

दिवे लागले. चर्चेला मास्तर उठले आणि म्हणाले, "शेवट मले फार आवडला. तो पाण्यापाशी बसला आणि पोरीनं काही विचारलं नाही, हे खरं हाय. असंच असते." त्यांना कोणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही. पण पुढच्या रांगेत एक कॉलेजातली मुलगी होती, त्या दिवशी पहिल्यांदाच आलेली. ती सरळ मनानं म्हणाली, "पण सर, तो तर पाण्यात बुडतो ना?"

"असं का," मास्तर म्हणाले, आणि बसले.

पायऱ्या उतरताना बाईंनी त्यांचा दंड धरला, तर त्यांनी सोडवून घेतला. मागून येणाऱ्या मला स्पष्ट ऐकू आलं. ते म्हणाले, "मी तुह्या वॉर्डातला पेशंट नाही."

पुढचे काही रविवार दोघं आले नाहीत. शेवटची रांग भरेना, आणि खरं सांगायचं तर पुढचीही भरेना. एका रविवारी बाई एकट्याच आल्या. बसल्या. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा मी त्यांच्याकडेच जास्त पाहत होतो. ओठ हलत होते. शेजारची खुर्ची रिकामी होती. अर्ध्यातच उठून गेल्या.

मी त्यांच्या घरी गेलो. मास्तर ओसरीत बसले होते. बाई आतून म्हणाल्या, "बोलून नाही राहिले माह्याशी. चहा द्या म्हणतात, तेही तिकडं तोंड करून."

मास्तर मला म्हणाले, "तुमी तो पिक्चर आणा. इथंच लावा."

"मी सांगू का तुम्हाला काय होतं ते?"

"तुमी नाही. तिलेच सांगू द्या."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन गेलो. दिवाणावर आम्ही तिघं बसलो. बाईंनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. एकही ओळ सोडली नाही, ओळ गेली की मला म्हणायच्या, "मागं घ्या." सुरई फुटली तेव्हा म्हणाल्या, "त्याले दिसत नाही, मास्तर." मास्तर नुसते हुं म्हणाले. तळं आलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि वॉर्डात नातेवाइकांना सांगत असतील तशा हळू पण स्पष्ट सांगू लागल्या. "चपला काढल्या. पाण्यात पाय टाकला. चालून राहिला. गुडघ्यावर आलं. कमरेवर आलं." मग थांबल्या. "आता नुसतं पाणी हाय."

लॅपटॉपवर नावं सरकत होती.

"बंडल शेवट हाय," मास्तर म्हणाले.

"काय?"

"माती हातानं कळते, का डोळ्यानं? त्याचा हात तर शाबूत होता. दोन सुरया फुटतील, तिसरी जमते. या डायरेक्टरनं जिंदगीत मडकं केलं नाही." मग बाईंच्या दिशेला वळून म्हणाले, "पण मले खोटं काहून सांगितलं?"

"भेव वाटलं मले."

"मी पाण्यात जाईन म्हणून? मले तर पोहता येते."

बाई आधी रडल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. मास्तरही हसायला लागले. हसून झाल्यावर म्हणाले, "बरं, आता तुहा सांग. पाय धुतले, पोरगी आली. मंग?"

तेव्हापासून रीतच पडली. हॉलमध्ये जे पडद्यावर असेल तेच सांगायचं, आणि नंतर चहाच्या टपरीवर बाईंनी आपला पिक्चर सांगायचा. टपरीवर मेलेली माणसं परत येत, दुष्ट सासऱ्याचीही बाजू निघे, रडका सिनेमा सगळा विनोदी होऊन जाई. ती कॉलेजातली मुलगी तर चहा पीत नसूनही यायची. मास्तर दोन्हींची तुलना करत. कधी कधी ते म्हणत, "यावेळी डायरेक्टरचाच बरा होता," आणि बाईंचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीनं दोघांना अकोल्याला नेलं. आमचे रविवार चालू आहेत. हॉलमध्ये आता छान शांतता असते, आणि ती आम्हाला कोणालाच आवडत नाही.

मध्यंतरी कामानिमित्त अकोल्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आलो. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. निघालो तेव्हा दोघं गॅलरीत आले. खालून मी हात हलवला. बाईंनी मास्तरांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मास्तरांनी हात वर केला आणि जोरजोरात हलवला, पण समोरच्या मेडिकलच्या दिशेनं. मेडिकलवाल्यानंही बिचाऱ्यानं हात हलवला. मग बाईंनी मास्तरांचे दोन्ही खांदे धरून त्यांना हळूच माझ्याकडे वळवलं.