मीठ झोंबायचं थांबलं तेव्हा

मंगळवारी सकाळी माझ्या पेणच्या दवाखान्यात वडखळकडचे एक काका खोकला घेऊन आले. मिठागरात काम करणारं जोडपं. काकू फक्त सोबतीला आल्या होत्या.

दोघांनी चपला दाराबाहेर काढल्या. मी काकांना टेबलावर बसवून छाती तपासत होते, तेवढ्यात पांढऱ्या लादीवर रक्ताचे ठसे दिसले... काकूंच्या पावलाचे. त्या ओशाळून पदराने लादीच पुसायला लागल्या. पाय बघायचं काही त्यांच्या मनात आलं नाही.

बळेबळे खुर्चीत बसवलं. तळव्यात शिंपल्याची पेराएवढी कपची रुतली होती. मी ती चिमट्याने काढत होते आणि काकू निवांत सुनेचं कौतुक सांगत होत्या.

दुखत नाही का, विचारलं.

"नाय. वरीस झालं, आता मीठ पन झोंबत नाय मना. पाय मुरलंत."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मिठागरात नव्या माणसाच्या पायाची आग होते, जुन्याचे पाय मुरतात, असंच सगळे धरून चालतात. त्यामुळे यात आजार आहे हे वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

कॉलेजात शिकवलं होतं... पेशंट सांगतो ते लक्षण, डॉक्टरला दिसतं ते चिन्ह. इथे दुखणं थांबलं होतं, हेच लक्षण होतं. आणि ते कुणी तक्रार म्हणून सांगत नाही.

शुगर तपासली, खूपच वाढलेली होती. त्यानेच पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. अशीच जखम चिघळली तर पाय कापावा लागतो, हे दोघांना स्पष्ट सांगितलं.

औषधं लिहून दिली. शिवाय रोज संध्याकाळी कुणीतरी तळवे नीट बघायचे. काकूंना वाकून दिसत नाही, सून कंपनीत शिफ्टला. मग काका बघतील, मी म्हटलं.

काकू हळूच म्हणाल्या, "नवऱ्याच्या हातात पाय कसा देव, म्याडम? पाप लागंल."

मला राग आला, खरं सांगते. चार शब्द सुनावणार, तोच काका टेबलावरून उतरले. खोकत खोकत लादीवर बसले आणि काकूंचा पाय उचलून मांडीवर घेतला.

"दाखवा म्याडम, कुठं कुठं बगायचा."

टाच दाखवली, बोटांच्या बेचक्या दाखवल्या. काकूंनी पदर तोंडावर ओढला होता, पण पाय मागे घेतला नाही.

काका, तेव्हा आभार मानायचे राहूनच गेले... म्हणून इथे मानते.