अक्कलकोटच्या पुढचं गाव आणि एका मुलीची जट

कॉलेजची परीक्षा संपली आणि मी एकटीनं मामाकडे जायचा हट्ट धरला. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सोलापूरहून अक्कलकोटची एसटी, तिथून कर्नाटकच्या हद्दीकडे जाणारी दुसरी. तीही दिवसातून एकच, चुकली की मुक्काम अक्कलकोटात. आता रस्ता चांगला झालाय. कुणी जाणार असाल तर थंडीत जा, हुरडा मिळेल. मी गेले भर उन्हाळ्यात, धूळ खात.

मामीनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. मामा गावचे पाटील. त्यांच्या शब्दाबाहेर गाव नाही, याचा मला केवढा अभिमान!

संध्याकाळी गंगव्वा आली आणि पायरीखालीच उभी राहिली. लहानपणी देवीला सोडलेली बाई. अशा मुलीचं लग्न होत नाही. नाव देवीचं, पण ती गावातल्या पुरुषांच्या हाती लागते. गावातल्या शेवंताच्या मुलीच्या केसांत जट धरली होती. जट म्हणजे देवीचं बोलावणं, म्हणून तिलाही सोडायचं घाटत होतं. गंगव्वा गावोगाव हिंडून आयांना समजवायची, पोरींच्या जटा कापायची. उद्या इथली कापणार होती. पाटलांनी आडवं येऊ नये, एवढंच तिचं मागणं.

देवी कोपली तर गाव भोगेल, असं मामा म्हणाले.

"पाटील, मला सोडलं तवा गावजेवण तुमच्याच घरचं व्हतं की," गंगव्वा हळू आवाजात म्हणाली. "माझं वाटोळं झालं, तवा देवी कुणावर कोपली?"

मामांनी पानाचा डबा मिटला आणि आत निघून गेले. मी ओसरीवर तशीच बसून राहिले. मान वर होईना. दुपारी ज्या घराचा अभिमान वाटत होता, त्याच घरची मी भाची होते.

सकाळी मामांनी नको म्हटलं तरी मी शेवंताच्या अंगणात गेले. पाहते तर मामी तेलाची वाटी घेऊन माझ्याआधी पोचलेली. तिनं पोरीला मांडीवर घेतलं. आईनंच कापायची, असं गंगव्वाचं म्हणणं. शेवंतानं कात्री घेतली आणि कापली. जट खाली पडली. सगळ्या बाया पोरीकडे बघत उभ्या. पोरीनं मान चोळली आणि म्हणाली, "लई हलकं वाटतंय." मग भाकरी मागितली.

कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका बाईनं गंगव्वाला बाजूला बोलावून घेतलं. तिच्याही घरी तशीच पोर होती.

निघताना गंगव्वानं विचारलं, "तू कुणाची गं?" मी आईचं नाव सांगितलं.

"व्हय. माज्याच वयाची ती," एवढंच ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

त्या मुलीला पुढे शाळेत घातल्याचं मामीकडून कळलं. मामा त्या विषयावर कधीच बोलले नाहीत. मीही त्यांच्याकडे पूर्वीसारखी हक्कानं राहायला गेले नाही.

सोलापूरला परतले तेव्हा आई मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, गंगव्वाला सोडलं तो दिवस तुला आठवतो का?

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "आठवतो. गंगव्वाला हिरवं नवं लुगडं नेसवलं होतं. तसलंच मला पाहिजे म्हणून मी दिवसभर रडले होते."